रात्री दीडनंतरचा रस्ता: पब, सोसायट्या आणि आवाजाची वही

पुण्यात कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, विमाननगर, बाणेर-बालेवाडी या भागांत रस्त्याच्या एका अंगाला सोसायट्या आणि दुसऱ्या अंगाला पब-रेस्तराँ हे चित्र आता नेहमीचं झालं आहे. दारू देणाऱ्या ठिकाणांना रात्री दीडपर्यंत मुभा, आणि समोरच्या इमारतीच्या फाटकाशी सकाळी पावणेसातला शाळेची बस. अशाच एका गल्लीत रहिवासी, हॉटेलवाले आणि बीटवरचे पोलीस यांनी मिळून जी घडी बसवली, तिचा हा तपशील. ज्यांना आपल्या गल्लीत हेच करायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो आहोत, म्हणून कुठे काय अडतं तेही सांगतो.

“पबचा फार त्रास होतो” ही तक्रार कुठेच पोचत नाही. बीट मार्शल येईतो आवाज उतरलेला असतो, मॅनेजर शेजारच्या हॉटेलाकडे बोट दाखवतो आणि तक्रार करणारा खिडकी लावून कूस बदलत राहतो. मुळात आवाज एक नसतो. तो सुटा करून पाहिला की प्रत्येक आवाजाला जबाबदार माणूस सापडतो आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा निघतो. त्यासाठी प्रत्येक इमारतीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये एक साधी वही ठेवली. रकाने सहा: तारीख, वेळ, कुठून, कसला आवाज, किती वेळ, आणि खिडकी उघडी होती की बंद. शेवटचा रकाना भरायचा लोकांना कंटाळा येतो, पण तोच सगळ्यात कामाचा. खिडकी लावल्यावर जो आवाज पडतो तो बोलण्याचा, हॉर्नचा, गाण्याच्या शब्दांचा. खिडकी लावूनही जो जवळपास तेवढाच राहतो तो बेस, म्हणजे संगीतातला खोल, धडधडणारा खर्ज. पलंगाशेजारच्या तांब्यावर पालथं घातलेलं फुलपात्र ठेक्यावर किणकिणत असेल, तर ती नोंद बेस म्हणूनच करायची. त्याला दुसरा पुरावा नको.

वही महिनाभर भरली की वेळापत्रक दिसायला लागतं. साडेदहा ते साडेबारा बेस. मधूनच, दार उघडं राहिलं की, गाण्याचे शब्द. पाऊण ते दोन रस्त्यावरची माणसं, कॅब, हॉर्न. सव्वादोनला रिकाम्या बाटल्या पोत्यातून पिंपात. आणि या सगळ्यांखाली स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टची घरघर, जी चालू असताना जाणवत नाही आणि बंद पडली की अख्खी इमारत सुस्कारा सोडते. आमच्या वह्यांत झोपमोडीच्या सर्वाधिक नोंदी गाण्याच्या नव्हत्या, दीडनंतरच्या रस्त्याच्या होत्या. डीजेचा आवाज कितीही उतरवला तरी त्या कमी होणाऱ्यातल्या नव्हत्या.

कायद्याचं वाचन थोडकंच आहे, पण ते नीट व्हायला हवं. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळेतली मर्यादा निवासी भागात ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५, शांतता क्षेत्रात ४०. तक्रारीचे रस्ते दोन. आवाज मर्यादेच्या १० डेसिबल किंवा त्याहून वर गेला तर एक. रात्रीच्या निर्बंधांचा भंग झाला तर दुसरा. या दुसऱ्या रस्त्याला मीटर लागतच नाही, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. गच्चीवर, लॉनवर, हॉटेलासमोरच्या मोकळ्या जागेत दहानंतर स्पीकर वाजला की तो किती डेसिबलचा होता हा प्रश्नच उरत नाही, कारण रात्री ध्वनिवर्धकाला बंदिस्त जागेपुरतीच मोकळीक आहे. ठाण्यात “मीटर बाहेर गेलाय, उद्या या” असं ऐकायला मिळालं तर नियम ५(२) आणि नियम ७ अर्जात लिहून द्यावेत आणि आवक क्रमांक घेऊनच निघावं. शिक्का नसलेला अर्ज हा अर्ज नव्हे.

बंदिस्त हॉलचं गणित वेगळं. खासगी जागेतल्या साऊंड सिस्टिमचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. म्हणजे निवासी भागात रात्री ५०, व्यापारी भागात ६०. खाली दुकानं, वर घरं अशा मिश्र भागाला कोणता वर्ग लावायचा हे सक्षम अधिकारी ठरवतात. ते आधी लेखी मागवून घ्यावं. नाहीतर बैठकीत हॉटेलवाले ५५ धरून बोलतात, रहिवासी ४५ धरून, आणि तास त्यातच जातो.

सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट देता येते, आणि कोणते दिवस ते दर वर्षी जाहीर होतं. ती यादी प्रत्येक फाटकावर चिकटवली की त्या रात्रींचे निष्फळ फोन थांबतात. आणखी एक: तुरुंगवासाची धमकी देऊ नये. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमातली ती शिक्षा १ एप्रिल २०२४ पासून गेली. आता १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. जुनी कलमं तोंडावर फेकणाऱ्याला हॉटेलवाल्यांचे वकील लगेच ओळखतात.

मोजमापाकडे वळू. फोनमधलं ॲप पुरावा म्हणून टिकत नाही, पण आपल्याला दिशा देतं. पुरावा म्हणून न्यायचं झालं तर कॅलिब्रेट केलेला, म्हणजे प्रमाणित आवाजाशी ताडून पाहिलेला मीटर हवा, आणि तो सुरू करण्याआधी कॅलिब्रेटरवर ९४ डेसिबलला जुळवून घ्यावा लागतो. मीटर छातीच्या उंचीवर, भिंतीपासून तीनेक मीटर लांब धरावा. भिंतीला चिकटून धरला की परावर्तनामुळे आकडा फुगतो आणि समोरचा नेमकं तेच बोट ठेवतो. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे रस्त्याचा स्वतःचा आवाज. पुण्यातल्या वाहत्या रस्त्यावर मध्यरात्रीही ४५ मिळणं कठीण. म्हणून पब बंद असतानाचा आकडा लागतो. त्यासाठी ड्राय डेसारखा दिवस नाही: २ ऑक्टोबर, २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या रात्री त्याच जागी, त्याच वेळी मोजून ठेवावं. नेहमीच्या शनिवारचा आकडा त्यापेक्षा १० ने जास्त असेल तर तो जवळजवळ सगळा पबचा. फरक ३ चाच असेल तर पबचा आवाज रस्त्याइतकाच आहे. ३ च्या खाली असेल तर मीटर घेऊन भांडू नये, दुसरी वाट धरावी.

बेसची गोम इथेच आहे. नियमातला डेसिबल ‘ए’ वजनाचा आहे, म्हणजे कानाला मध्यम सुरांपेक्षा खर्ज कमी ऐकू येतो हे गृहीत धरून आकडा काढलेला. ६३ हर्ट्झच्या ठोक्यातून मीटर तब्बल २६ डेसिबल वजा करतो. त्यामुळे फुलपात्र किणकिणतंय आणि मीटर ४८ दाखवतोय असं होतं, आणि मॅनेजर प्रामाणिकपणे म्हणतो, “काका, आवाज लिमिटमध्येच आहे.” अशा वेळी मीटर ‘सी’ वर, म्हणजे खर्ज फारसा वजा न करणाऱ्या वजनावर, फिरवून पुन्हा वाचावा. दोन आकड्यांत १५-२० चा फरक पडला तर त्रास खर्जाचा आहे हे नक्की. कायद्यात या फरकाला जागा नाही. म्हणून बेसचा प्रश्न ठाण्यात सुटत नाही, तो त्या हॉटेलच्या साऊंड सांभाळणाऱ्या माणसाबरोबर बसूनच सुटतो.

बसायला बोलावण्याआधी कागद हातात असावेत. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत, हे विसरलं की अर्ज परत येतो. आम्ही तीन ठिकाणी वेगवेगळे अर्ज केले. पोलिसांकडे: परवान्याची प्रत आणि त्यातल्या अटी. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे: दारू देण्याच्या जागेचा मंजूर नकाशा. महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे: इमारतीचा मंजूर नकाशा, विशेषतः गच्ची, पार्किंग आणि समोरची मोकळी सोडलेली जागा. तिन्ही नकाशे शेजारी ठेवले की पुष्कळ उलगडतं. जिथे टेबलं मांडून सर्वात जास्त गलका होतो, ती जागा कित्येकदा कुठल्याच मंजुरीत नसते. तिथे डेसिबलचा वाद घालण्याचं कारणच राहत नाही.

पण हे कागद टेबलावर आपटण्यासाठी नसतात. पहिल्या बैठकीला ते पिशवीतच ठेवावेत असं आमचं ठाम मत आहे. बैठक दुपारी चारला, हॉटेल उघडण्याआधी, हॉटेलातच घ्यावी. कामगार मोकळे असतात, मालक आला नाही तरी मॅनेजर येतो, आणि साऊंडची खोली प्रत्यक्ष बघता येते. रहिवाशांकडून तिघे-चौघेच, त्यात एक भाडेकरू नक्की. बीटचा अंमलदार आला तर उत्तम. त्याला मध्यस्थ करू नये, नुसतं साक्षीला बसू द्यावं. बोलणं फक्त आवाजावर. कोण काय पितं, कोणाचे कपडे कसे, कोण कुठल्या गावचं, हे विषय निघाले की बैठक मोडली म्हणून समजा. आणि मोडावीच, त्या तक्रारी आवाजाच्या नाहीत. गल्लीतल्या तरुण भाडेकरूंना एकदा असं वाटलं की हे आपल्यावर नजर ठेवायला निघालेत, तर तुमच्या वहीत नोंद करायला कोणी उरत नाही.

आता हॉलच्या आत काय करता येतं ते.

सर्वात स्वस्त उपाय: साऊंड सिस्टिमच्या प्रोसेसरमध्ये ५०-६० हर्ट्झच्या खालचा भाग कापणं. नाचणाऱ्यांना फरक क्वचित कळतो, समोरच्या इमारतीला लगेच कळतो. मग सबवूफर, म्हणजे खर्जासाठीचा वेगळा स्पीकर. तो स्टेजच्या लाकडी पोकळीवर किंवा स्लॅबला टांगलेला असेल तर ठोका हवेतून न जाता थेट इमारतीत उतरतो. खाली जाड रबराचे किंवा स्प्रिंगचे पॅड घालून तो जमिनीपासून तोडावा. सबचं तोंड भिंतीकडे फिरवून काही साधत नाही, खर्ज सगळीकडे सारखाच पसरतो. हॉलभर लहान स्पीकर कमी आवाजात लावणं हे दोन मोठे स्पीकर गरजवण्यापेक्षा केव्हाही चांगलं. मागच्या टेबलाला ऐकू यावं म्हणून पुढचं टेबल बधिर करावं लागत नाही.

लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीवर आवाज जाऊ न देणारं उपकरण, बसवला असं हॉटेलवाले सांगतात, तेव्हा तो कुठे बसवलाय ते बघावं. तो मिक्सरनंतर आणि ॲम्प्लिफायरच्या आधी हवा, कुलपात, पासवर्ड मॅनेजरकडे. पाहुणा डीजे स्वतःचं कन्सोल घेऊन येतो आणि सरळ ॲम्पला जोडतो, तिथे सगळं मुसळ केरात. शिवाय लिमिटर मंगळवारी दुपारी रिकाम्या हॉलमध्ये लावून चालत नाही. भरल्या हॉलमध्ये माणसं आवाज शोषतात आणि त्याच वेळी एकमेकांशी ओरडून बोलतात, मग डीजे आवाज चढवतो, की माणसं आणखी ओरडतात. शनिवारी रात्री साडेअकराला, एक माणूस हॉलमध्ये आणि एक समोरच्या चौथ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये फोनवर, अशी पातळी ठरवावी. नॉबवर त्या जागी पांढऱ्या पट्टीची खूण करावी आणि तिचा फोटो दोघांकडे राहावा.

दार हा सर्वात दुर्लक्षित भाग. भिंत आणि काच कितीही जाड असो, क्षेत्रफळाच्या एक टक्का फट राहिली तर एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जाऊच शकत नाही. सरकत्या काचेच्या दाराला तेवढी फट नेहमीच असते. रबरी पट्ट्या, खाली ब्रश, आणि एकामागे एक अशी दोन दारं, मधलं अंतर इतकं की पहिलं मिटल्यावरच माणूस दुसऱ्यापाशी पोचेल. हे सगळं बसवूनही शब्द ऐकू यायला लागले, तर दाराशी जाऊन बघावं. बहुधा बाउन्सरने सतत उघडझाप नको म्हणून बिअरचा क्रेट पायाने दारात सरकवलेला असतो, आणि दार आपोआप मिटवणाऱ्या क्लोजरचा दांडा सोडवून ठेवलेला असतो. क्लोजर घट्ट असला की ट्रे घेतलेल्या पोऱ्याला दार ढकलता येत नाही, हे त्याचं खरं कारण. क्लोजरचा वेग स्क्रूने सैल करून दिला की क्रेट जातो.

भिंतीला फोम, अंड्याचे ट्रे, बाहेर बांबूची चटई, हिरवी जाळी, कुंड्यांची रांग यावर पैसे घालू नयेत. फोम हॉलमधला खणखणाट कमी करतो, बाहेर जाणारा बेस अडवत नाही. चटई आणि कुंड्या तर डोळ्यांचं समाधान. जनरेटरची घरघर असेल तर ध्वनिरोधक पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. दारं उघडी ठेवून चालवला की पेटी असून नसल्यासारखी. एक्झॉस्टचा बेल्ट आणि बेअरिंग बदलून, खाली पॅड घालून, अकरानंतर वेग निम्मा केला तरी पुष्कळ झालं.

रस्त्याचं काम जास्त माणसांचं. दीडला सगळे एकदम बाहेर पडले की कॅबची वाट बघत पन्नास-साठ जण सोसायटीच्या कुंपणाला टेकून बोलतात. ते भांडत नसतात, खुशीत असतात. पण नुकते मोठ्या आवाजातून आलेले असल्याने मोठ्याने बोलतात. शेवटची ऑर्डर एकला, त्यानंतर गाणी हळूहळू उतरवत न्यायची, दिवे सव्वाला अर्धे लावायचे. त्यामुळे लोक टप्प्याटप्प्याने निघतात आणि निघेपर्यंत आवाजही खाली आलेला असतो. कॅब मुख्य रस्त्यावर, बँकेच्या बंद शटरसमोर थांबवायच्या असं ठरलं. पाटी लावून फारसं घडत नाही. पाहुण्याला बिल देतानाच “कॅबचं लोकेशन तिकडचं टाका” असं वेटरने सांगितलं की जमतं, कारण पिन टाकून झाल्यावर कोणी हलत नाही. चौकातल्या भुर्जीच्या गाडीविरुद्ध अर्ज करावा असा आग्रह काहींचा होता. आम्ही गाडीवाल्या दादांना मुख्य रस्त्याच्या त्याच टोकाला सरकायची विनंती केली. गर्दी भुर्जीमागे जाते, त्यांचा धंदाही वाढला.

बाटल्यांसाठी नियम एकच: रात्री प्लास्टिकच्या क्रेटमध्ये उभ्या भरायच्या, पिंपात ओतायचं काम सकाळी आठनंतर.

या सगळ्याला धरून ठेवतो तो एक छोटा व्हॉट्सॲप ग्रुप. प्रत्येक इमारतीचा एक, प्रत्येक हॉटेलचा ड्यूटी मॅनेजर, सुरक्षारक्षकांचे सुपरवायझर, इतकेच. दोनशे जणांच्या ग्रुपवर शुभ सकाळ आणि शिव्या, एवढंच होतं. मेसेजचा साचा ठरलेला: वेळ, जागा, आवाज. “१२.१०, मागचं दार, गाण्याचे शब्द.” पंधरा मिनिटांत उत्तर नाही आलं तर ११२. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरच्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल देताना, तक्रारदाराची ओळख उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी असं सांगितलं आहे. एकट्या राहणाऱ्या आजी आणि भाड्याने राहणाऱ्या मुली यांच्यासाठी हे फार मोलाचं आहे. त्यांना हे आवर्जून सांगावं.

हॉटेलांत काम करणारी पोरं बहुतेक ओडिशा, बंगाल, ईशान्य भारत, नेपाळची. पाच-सहा जण मिळून ती याच गल्लीच्या मागच्या चाळवजा खोल्यांत राहतात. तीही इथली रहिवासीच आहेत, आणि सकाळी अकराला आमच्या सोसायटीत फरशी कापायचं मशीन सुरू झालं की झोपमोड त्यांची होते. ही नोंद एका स्वयंपाक्याने वहीत केली. तेव्हापासून दुरुस्तीची ठोकाठोक दुपारी एक ते पाच या वेळेत आणली. त्यानंतर बैठकांचा सूर जेवढा बदलला तेवढा कुठल्याच नोटिशीने बदलला नसता. क्लब हाऊसमधले वाढदिवस, दांडिया आणि आमच्याच गणपतीचा स्पीकर दहाला बंद करणं हेही त्याच यादीत येतं; ते केल्याशिवाय समोरच्याला वेळ सांगायला तोंड उरत नाही.

बसलेली घडी दोन कारणांनी विस्कटते. एक थंडी. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमिनीलगतची हवा वरच्यापेक्षा गार होते आणि वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. पावसाळ्यात ठरवलेली पट्टीची खूण तेव्हा पुरत नाही. दिवाळीनंतर पुन्हा एकदा शनिवारची चाचणी घ्यावी. दुसरं, मॅनेजर बदलतात, आणि नव्याला यातलं काही ठाऊक नसतं. म्हणून नॉबचा फोटो, शेवटची ऑर्डर आणि दिवे लावायची वेळ, कॅबची जागा, बाटल्यांची वेळ आणि ग्रुपचा नंबर असलेला एक पानी कागद हॉटेलच्या कॅश काउंटरमागे लावलेला असतो. नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात चहाला बोलवायचं.

सध्या काम चाललंय ते दोन-तीन रात्रींसाठी भाड्याने जाणाऱ्या फ्लॅटमधल्या पार्ट्यांचं. तिथे ना मॅनेजर, ना परवाना, ना दुसऱ्या दिवशी बोलायला माणूस. सोसायटीच्या सभेत ठराव झाला आहे: दहानंतर स्पीकर नाही, मालकाने रात्री फोन उचलला पाहिजे, आणि पाहुण्यांची नावं फाटकावर आधी द्यायची. हीच अट आता भाडेकरारांतही घातली जाते, म्हणजे भाडेकरूने फ्लॅट परस्पर पोटभाड्याने दिला तरी तोच बांधील राहतो. करार अकरा महिन्यांचे असल्यामुळे सगळे एकदम बदलत नाहीत; जसजसे संपतात तसतशी अट चढत जाते.